भोपळा रोखीनं, जवारी फुकट

मिरजेहून एका वाचकाचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतात. गाव लपवून उपयोग नाही, तंतुवाद्यांचं दुकान म्हटलं की मिरज वेगळी सांगावी लागत नाही. पत्र मोठं आहे, त्यातलं कामापुरतं देते. जवारी म्हणजे तारेखालची घोडी घासून वाद्याचा नाद लावणं, एवढं आधी सांगून ठेवते.

"आम्ही सतारी आणि तानपुरे बनवतो. चार-पाच पिढ्यांचं काम आहे. अब्बांना गुडघ्यामुळे खाली बसवत नाही, म्हणून दोन वर्षं झाली, दुकान मी बघतो. बाहेरची कामं बरी चाललीत. पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी असतात, अधूनमधून परदेशची एखादी. अडचण आहे ती गावातल्या कामाची. अब्बांनी गावात जवारीचे पैसे कधी घेतले नाहीत. पुष्कळदा तारासुद्धा आपल्याच घालायचे. गाण्याचे क्लास, शाळा, देऊळ, दर्गा, आसपासच्या खेड्यांतल्या भजनी मंडळांच्या वीणा, सगळ्यांना सवय झाली आहे. नवरात्राच्या आधी तर पंधरा-पंधरा दिवस विकायचं वाद्य हातात घेता येत नाही. इकडे भोपळेवाल्याला पैसे रोख द्यावे लागतात. नक्षीवाला आणि पॉलिशवाला नगावर मजुरी घेतात, ती शनिवारी चुकती करावी लागते.

"मागल्या महिन्यात एका गुरुजींच्या क्लासचे तीन तानपुरे आले. मी लहान असल्यापासून त्यांचं आमच्याकडे येणं-जाणं आहे. तिन्हींच्या तारा, जवारी, शिवाय एकाच्या भोपळ्याला तडा. आठवडा गेला. वाद्यं पोऱ्याबरोबर घरपोच केली आणि व्हॉट्सॲपवर बिल पाठवलं. संध्याकाळी पैसे जमा झाले, सोबत एक शब्द नाही. तेव्हापासून गुरुजी दुकानावरून जातात, पण आत येत नाहीत. अब्बांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'तुझ्या आज्ज्याला या गावानं सतारमेकर केलं.' त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. बायको म्हणते, पुण्याला दुकान टाकू, तिथे लोक स्वतःहून पैसे विचारतात. मी पैसे मागितले यात काय चुकलं? आणि गाव सोडावं का?"

पैसे मागितले यात काहीही चुकलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की मी अब्बांच्या बाजूनं बोलतेय.

तुमचंच पत्र एकदा परत वाचा. गुरुजींनी पैसे त्याच संध्याकाळी दिले. घासाघीस नाही, 'तुझे वडील घेत नव्हते' असा टोमणा नाही. ज्याला पैसे जड जातात तो माणूस आठवडाभर फोन उचलत नाही, मग निम्मे पाठवतो. तेव्हा त्यांना पैसे खुपले असं मला वाटत नाही. इतकी वर्षं ते स्वतः वाद्य घेऊन यायचे, दुकानात टेकायचे, चहा व्हायचा, तारा चढल्या की कान लावून ऐकायचे. या वेळी वाद्यं पोऱ्यानं घरी नेऊन दिली, मागून फोनवर आकडा आला. तिन्ही तंबोरे त्यांनी न ऐकताच त्यांच्या दारात पोचले. माया बाजूला ठेवली तरी, तुमच्या धंद्याच्या हिशोबानंही हे काम अर्धवटच झालं.

ज्यांनी तंबोरा फक्त स्टेजवर गवयाच्या मागे पाहिलाय त्यांच्यासाठी जरा सांगते. चारही तारा ज्या घोडीवरून जातात ती वरून सपाट दिसते, पण तारेच्या दिशेनं तिला अगदी किंचित बाक असतो. छेडलेली तार त्या बाकावर टेकत-सुटत राहते, आणि तंबोऱ्याचा तो झणकारत लांब जाणारा नाद त्यातूनच येतो. हा बाक कानशीनं घासून आणायचा असतो. थोडं घासायचं, तार चढवायची, छेडून बघायची, पुन्हा उतरवायची. मनासारखं झालं की तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. तो केसभर इकडे गेला की आवाज बसतो, केसभर तिकडे गेला की कर्कश होतो. याला माप नाही. खर्जातल्या मर्दानी तंबोऱ्याची जवारी वेगळी, वरच्या पट्टीच्या जनानी तंबोऱ्याची वेगळी, त्यातही एका गायकाला खुली आवडते आणि दुसऱ्याला तीच खुली जवारी अंगावर येते. म्हणून शेवटचा हात ज्याचं वाद्य त्याच्यासमोर फिरवायचा असतो. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण बिलाच्या घाईत नेमकं तेच राहून गेलं.

आता अब्बांच्या वाक्याकडे येते. ते वाक्य रागातलं असलं तरी खरं आहे, आणि त्यात तुमच्या धंद्याचा सगळा इतिहास आलाय.

मिरजेत तुमच्या कामाचा कुठलाही कच्चा माल पिकत नाही. तूनचं लाकूड बाहेरून येतं. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. मग हे काम पंढरपुरात का रुजलं नाही? एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळात फरीदसाहेब शिकलगारांनी मिरजेत सतार करायला घेतली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले, हाताला दुसरं काम हवं होतं, आणि मिरजेत पटवर्धनांच्या संस्थानामुळे गवयांची ये-जा होती. दुरुस्तीला आलेली वाद्यं उघडून बघता बघता ती मंडळी वाद्यं करायला शिकली. पुढे गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले. विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे शिकले ते तिथेच. अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेचेच होऊन गेले. १९३७ मध्ये ते गेले, त्यांची कबर मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसात त्यांच्या नावानं आजही तिथे संगीतसभा होते. अशा माणसांनी समोर बसून 'अजून थोडी उघडा', 'आता बिघडली, परत बसवा' म्हणत तुमच्या पणज्या-खापरपणज्यांचा हात घडवला. गावानं सतारमेकर केलं म्हणजे हे. मिरजेजवळ कान होते.

आणि ते कान फुकट मिळत होते. अब्बांच्या 'फुकट' जवारीचा हिशोब मला वाटतं इथे जुळतो. गुरुजींच्या तंबोऱ्याची जवारी लावताना ते शिकत होते. शिवाय गुरुजींचा नवा शिष्य वाद्य घ्यायला निघाला की गुरुजी त्याला तुमच्याच दुकानात पाठवत होते. वर्षाला क्लासची दोन-चार मुलं जरी आली तरी फुकटची सगळी जवारी वसूल व्हायची, आणि हे कुणाला बोलून दाखवावं लागत नव्हतं. अब्बा भोळे होते, त्यांना व्यवहार कळत नव्हता असं जर तुमच्या मनात कुठे असेल तर ते काढून टाका. व्यवहार चोख होता. वहीत नव्हता इतकंच.

तो आता मोडलाय, आणि गावानं किंवा तुम्ही तो मोडलेला नाही. १९७९ साली बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला, पुढे तो घरोघरी गेला, आणि मग फोनवर ॲप आलं. गाणं शिकणारी जी मुलं माझ्या ओळखीत आहेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तंबोऱ्याला हात लावलेला नाही. आईबाप म्हणतात, परीक्षा होऊ दे, मग बघू. क्लासमध्ये दोन-तीन जुने तंबोरे असतात, ते मोठ्या कार्यक्रमापुरते खोळीतून निघतात. म्हणजे गुरुजींकडून येणारं नवं गिऱ्हाईक आटलं आणि दुरुस्ती तेवढी उरली. अब्बांच्या वेळी देवाण-घेवाण होती, तुमच्या वाट्याला नुसती देवाण आली आहे. त्यातच सांबरशिंगाचा व्यापार कायद्यानं बंद झाल्यापासून घोडीला दुसरं काहीतरी शोधणं आलं, तारा महागल्या, पॉलिशचं स्पिरिट महागलं. अब्बांनी जे चालवलं ते त्यांच्या काळात चालणारं होतं. तुम्ही तेच चालवायला गेलात तर दुकान बसेल, आणि मग गावाला फुकटही नाही अन् विकतही नाही.

हे अब्बांना सांगायचं कसं? वाद घालून नको. त्यांना फक्त विचारा की भोपळेवाल्याला आपण कधी म्हणतो का, जुने संबंध आहेत, यंदाचे भोपळे असेच देऊन जा? त्याचे आणि आपले संबंध गावातल्या कुठल्याही क्लासपेक्षा जुने असतील. मोठा, गोल, जाड सालीचा कडू भोपळा महिनोन्‌महिने सांभाळून, नीट वाळवून तो आणतो. पावसानं पीक गेलं तर त्याचं वर्ष जातं. नक्षीवालाही तुमचाच शेजारी आहे, त्याच्या घरच्या लग्नाला तुम्ही जाता, तरी शनिवारी त्याची मजुरी मोजून हातात ठेवता. एवढी सगळी नाती रोखीनं चालतात आणि तुटत नाहीत. मग पैशानं नातं तुटतं हा नियम फक्त जवारीलाच का? अब्बांकडे याचं उत्तर असेलही. ऐकून घ्या, मला तर आवडेल ऐकायला.

त्यानंतर त्यांच्याकडून एक यादी मागा. कुणाचं काम सेवा म्हणून करायचं त्याची. नावं त्यांची, तुम्ही एकही खोडायचं नाही. अट एकच, कागद एका पानाचा, पाठपोट नाही. पहिल्या दिवशी ते पन्नास नावं घालतील, पान भरेल, मग स्वतःच दोन-चार काढायला लागतील. ते काय काढतात आणि काय ठेवतात ते नुसतं बघत बसा, तुम्हाला तुमच्या घराण्याबद्दल बरंच कळेल.

माझा अंदाज विचाराल तर दर्गा राहील, अंबाबाईचं देऊळ राहील आणि आषाढीला निघणाऱ्या दिंड्यांच्या वीणा राहतील. राहू द्या. तिथे पैशाची गोष्ट काढू नका, तुमच्या मुलानंही काढू नये. मात्र वेळ तुम्ही ठरवा. अंबाबाईच्या नवरात्रातली गाण्याची परंपरा जुनी आहे, घटस्थापनेची तारीख वर्षभर आधी कॅलेंडरात छापलेली असते, आणि तरी वाद्यं आदल्या आठवड्यात का येतात? गणपती बसायच्या आत स्वतः जाऊन वाद्यं घेऊन या. दिंडीच्या वीणा ज्येष्ठ लागायच्या आत मागवा. फुकट कामानं तुमचं जितकं नुकसान होतंय त्याहून जास्त नुकसान ते अवेळी येतं म्हणून होतंय, असं मला तुमच्या पत्रावरून दिसतं. पंधरा दिवस विक्रीचं वाद्य हातात घेता येत नाही, हे वाक्य तुमचंच आहे.

शाळांचं सोपं आहे. शाळेच्या नावानं रीतसर बिल द्या. शाळांना असल्या खर्चाला कागदच लागतो, आणि कागद दिल्याबद्दल कुठली शाळा रुसून बसत नाही.

बाहेरगावहून कार्यक्रमाला येणाऱ्या कलाकारांचं पत्रात काही नाही, पण तेही येत असणार. 'मिरजेत आलोच आहे तर जरा जवारी बघा' म्हणणारे. त्यांच्याकडून पूर्ण दर घ्या, आणि उत्सवाची गडबड असेल तर थोडा वर घ्या. ज्याला बिदागी मिळते त्यानं आपल्यामागे वाजणाऱ्या वाद्याची मजुरी द्यावी, यात संकोच कसला? सोबत फोटो काढून भिंतीला लावला म्हणून तारांचे पैसे निघत नाहीत. तुमच्या भिंतीवर असे बरेच फोटो असतील.

राहिले क्लास. नाजूक आहे ते एवढंच. तारांचे आणि सामानाचे पैसे प्रत्येकाकडून घ्या, त्यात सूट नको. मजुरी गावासाठी थोडी कमी ठेवा, पण ठेवा, आणि फळ्यावर लिहून ठेवा. दर भिंतीवर असला की तो सगळ्यांचा असतो, तोंडी असला की प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच लावला. वाद्य उघडण्याआधी सांगा. 'गुरुजी, तारा बदलाव्या लागतील, भोपळ्याला आतून पट्टी लावून सांधावा लागेल, इतका खर्च येईल, करू का?' एवढंच. काम झाल्यावर कळलेला आकडा नेहमी दुप्पट वाटतो. एखाद्या क्लासची मुलं खरंच गरिबाघरची असतील तर ते गुरुजींना सांगू द्या, त्या मुलाच्या वाद्याची मजुरी सोडा. पण ती सोडली हे बिलावर लिहा. काम एवढ्याचं, मजुरी सोडली, बाकी इतके. फुकट काम कागदावर दिसलं की त्याची किंमत राहते, नाहीतर पाच वर्षांनी तो हक्क होतो.

गावाकडून पैशापलीकडेही काही मागा. अब्बांना जे मिळत होतं तेच. परदेशी जाणारा तंबोरा खोक्यात भरायच्या आधी गुरुजींसारख्या माणसाला दुकानात बोलवा, अर्धा तास ऐकवा. कोलकात्याला किंवा लंडनला वाद्य पोचल्यावर जवारी आवडली नाही तर तुमच्या खर्चानं परत येणार आहे, त्यापेक्षा दारातले कान स्वस्त पडतात. आणि क्लासमध्ये एक नवा, नीट लावलेला तंबोरा महिनाभर ठेवून या. ॲपवर शिकलेल्या पोरांना तो मांडीशी धरून वाजवू दे. त्यातला एखादा वाद्य मागायला आला तर आला. नाही आला तरी वाद्य वाजतं राहिलेलं बरं.

पुण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, कारखाना हलवू नका. बायकोचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पुण्यात गिऱ्हाईक आहे आणि ते पैसे देतं. मग महिन्यातून दोन दिवस पुण्यात बसा, एखाद्या ओळखीच्या जागेत, आधी तारीख कळवून. जवारीची कामं तिथे करा, मोठी दुरुस्ती मिरजेला आणा. पण नक्षीवाला, पॉलिशवाला, उधारीवर खुंट्या देणारा शेजारी, संध्याकाळी अडलं तर विचारायला अब्बा, हे सगळं पुण्यात भाड्यानं मिळणार नाही. आणखी एक. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळालंय मिरजेत बनलेल्या वाद्याला, तुमच्या आडनावाला नाही. पुण्यात बनवलेल्या तंबोऱ्यावर तुम्ही ती खूण लावू शकणार नाही, भले हात तेच असोत. मिरजेत राहूनही ती वापरायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. केली नसेल तर सतारीचं आणि तानपुऱ्याचं मानांकन ज्या संस्थांच्या नावावर आहे त्यांच्याकडे जाऊन आधी तो अर्ज भरा. परदेशी गिऱ्हाइकाला दोन पैसे जास्त का, याचं उत्तर तिथे मिळतं.

बायकोला मात्र हे सगळं तुम्ही आणि अब्बांनी ठरवून कळवू नका. शनिवारी मजुरी चुकती करताना कुठून पैसे ओढले जातात ते तिला दिसतं, म्हणूनच तिनं पुणं काढलं. यादीचं पान भरलं की फळ्यावरचे दर तिच्याबरोबर बसून ठरवा. माझी पैज आहे, तिचे दर तुमच्यापेक्षा जास्त रास्त निघतील.

आणि गुरुजींकडे या आठवड्यातच जा. पैसे परत करायला नाही. दिलेले पैसे परत करणं म्हणजे त्यांनी दिले हेच चुकलं असं म्हणणं, त्यानं जास्त लागेल. माफी-बिफीही लांबवू नका. नव्या तारा महिनाभर वाजल्या की ताणून बसतात आणि जवारी पुन्हा बघावी लागते, तेव्हा जाण्याला खरं कारण आहे. कानस आणि सुताचं रीळ खिशात टाका, अब्बांना रिक्षात घाला, त्यांच्यासाठी खुर्ची मागा. तिन्ही तंबोरे गुरुजींसमोर लावून द्या, ते 'बास' म्हणेपर्यंत. निघताना त्यांनी खिशात हात घातलाच तर सांगा, ही फेरी त्या बिलातच धरलेली होती.